तेव्हा एकच बस होती

शेंगदाण्याचं एक फोल — तांबूस, कागदाहून पातळ — कीबोर्डच्या दोन बटणांमध्ये उभं अडकलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत होतं, आणि ते काढावं म्हणून प्रांजलनं नख पुढं नेलं, मग तसंच थांबवलं... कारण फोल काढलं की पुन्हा स्क्रीनकडे बघावं लागणार होतं, आणि स्क्रीनवर कालची दुपार होती. नुसत्या ओळी. पण त्यातल्या एका ओळीत एक बाई कुपवाडच्या रस्त्यावरून स्कूटी पळवत होती, हे आता तिला ठाऊक होतं; आणि ठाऊक झाल्यापासून ती ओळ बाकीच्या ओळींसारखी दिसेनाशी झाली होती.

खालून आत्यांनी जिन्यातून हाक दिली, "चा थंड होतूय गं!"

सासूबाईंना ती आत्या म्हणायची. लग्न होऊन उंब्रजला आली तेव्हा हा शब्द जिभेला जड गेला होता, सांगलीला तिच्या माहेरी सासूला आई म्हणत — पण आता आई म्हटलं की विश्रामबागेतली आईच डोळ्यांपुढं येते आणि आत्या म्हटलं की मंगलआत्या, दोघी आपापल्या जागी. बरंच झालं ते. चहा खाली निवतोय. तो निवलेलाही त्या पिणार नाहीत, फेकणारही नाहीत. पुन्हा गरम करून झाकून ठेवतील, आणि वर काही बोलायच्या नाहीत. हे सगळं आपल्याला कधी, कसं माहीत झालं?

फोन वाजला. सयाजी सर. सांगलीतल्या ज्या लहानशा ऑफिसात ती नोकरी करत होती त्याचे मालक ते, आणि पहिले प्रोग्रॅमरही तेच. शाळांच्या बसवर त्यांचं सगळं चालायचं: पोरगं थांब्यावर उतरताना दाराशी कार्ड टेकवतं, आणि घरच्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो — अमुक थांब्यावर सुखरूप उतरली. गेली काही वर्षं प्रांजल हे काम या माडीवर बसून करत होती. आठवड्यातून एकदा एसटीनं सांगलीला जाऊन यायची, बाकी सगळं इथून, या खिडकीतून — खिडकीत ऊस, उसाच्या पलीकडे हायवे.

"सापडलं?"

"नाही सर. बघतेय."

"आज दुपारच्या बस सुटायच्या आत नाही झालं तर मेसेज बंदच ठेवू या." मग हळूच म्हणाले, "ती बाई ओरडली असती तर बरं वाटलं असतं गं. रडत होती."

काल झालं होतं ते एवढंच: राजेश्वरी नावाची बाई, कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला, तिच्या मोबाइलवर मेसेज आला की कस्तुरी बामणोली फाट्यावर उतरली. कस्तुरी दुसरीत. तिचं घर फाट्यापासून लांब, वेगळ्याच रस्त्याला, वेगळ्या बसवर. बाई हातातलं टाकून पळाली. फाट्यावर कुणी नव्हतं. कस्तुरी आपल्या नेहमीच्या थांब्यावर उतरून केव्हाच घरी पोचली होती. नाव बरोबर, नंबर बरोबर, आणि थांबा दुसऱ्याच कुणाचा. असं व्हायला वाटच नाही, असं प्रांजलला सकाळपासून वाटत होतं, आणि झालं होतं.

ती खाली जाऊन चहा पिऊन आली. फोल अजून तिथंच होतं. तिनं फुंकरीनं उडवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

या कामातली एक गोष्ट तिला पहिल्यापासून आवडत आली होती, आणि ती घरात कुणाला धड सांगता आली नव्हती. प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांवर विसंबलेल्या लहान लहान वस्तू, ऑब्जेक्ट. एकाला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. पण जो तो आपल्याला लागेल ते स्वतः बनवत बसला तर सगळा गुंता होतो. म्हणून त्यानं फक्त सांगून ठेवायचं, मला हे लागेल, आणि फ्रेमवर्कमधला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यातला, कंटेनर ती वस्तू बनवून त्याच्या हातात देतो, काम झालं की मोडूनही टाकतो. आपल्या जन्ममरणाची चिंता वस्तूंनी करायची नाही. फक्त आधी एकदा, कुणीतरी शांत डोक्यानं, कंटेनरला सांगायचं असतं — कोण किती काळ जगेल. काही एकदाच जन्मतात आणि प्रोग्रॅम चालू आहे तोवर तीच एक, सगळ्यांना मिळून. त्यांना सिंगलटन म्हणायचं. काही एका कामापुरत्या: काम निघालं की नवी, संपलं की गेली. नवऱ्याला, विश्वजितला, एकदा सुट्टीत हे सांगितलं होतं, तर तो उठून बसला होता. "म्हणजे आमचं स्टोअर की! मागायचं, सही करायची, मिळतं. ड्युटी संपली की जमा." फौजी माणसाला पहिल्या झटक्यात कळलं होतं. तिला त्या वेळी त्याचं फार कौतुक वाटलं... तेव्हा खिडकीतून तोडणीच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि तो पांघरूण ओढून तिच्याकडे वळून बघत होता.

विश्वजित. काल रात्री त्याचा फोन. पठाणकोटला फॅमिली क्वार्टर मिळतंय. "अर्ज टाकू का? उद्या सांग. दोन खोल्या आहेत, पुढं अंगण, इंटरनेट झकास. तुझं काम काय, कुठूनही होतंय." आणि ती म्हणाली होती — नेहमीसारखंच, विचार न करता — "आत्या एकट्या पडतील रे." आईचं नाव निघालं की तो पुढं रेटत नाही. हे वाक्य आपल्याजवळ तयारच असतं. मागच्या पोस्टिंगच्या वेळी हेच, त्याच्या आधीही हेच... खरंच आहे ना ते? सासरे गेल्यापासून आत्या एकट्याच आहेत. खरं आहे. मग ते दर वेळी इतकं पटकन तोंडात येतं कशाला?

मैत्रिणी म्हणतात, बिच्चारी. नवरा सीमेवर, ही सासूजवळ खेड्यात. आणि मला... मला सकाळी या खोलीत येऊन लॅपटॉप उघडताना जे वाटतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. कारण ते सुखासारखं आहे. नवरा लांब असलेल्या बाईनं सुखी असणं बरं दिसत नाही.

बघ. नोंदी बघ.

ती मेसेज पाठवणाऱ्या ऑब्जेक्टपर्यंत आली. मनात ती त्याला निरोप्या म्हणायची. निरोप्या सिंगलटन होता; बरोबरच होतं, त्याला मरायचं कारण नव्हतं, दिवसभर निरोप पोचवायचे. निरोप्याला लागायची ती आणखी एक वस्तू — थांबा. तिच्यात तीनच गोष्टी: कोण उतरलं, कुठं उतरलं, कुणाला कळवायचं. ही थांब्यापुरतीच. पोरगं उतरलं की जन्मली, मेसेज गेला की संपली. तसं लिहिलेलंही होतं, स्वच्छ. प्रांजल ती ओळ ओलांडून पुढं गेली, आणि पुन्हा मागं आली.

निरोप्या एकदाच जन्मतो. जन्मताना तो थांबा मागतो. कंटेनर देतो. आणि मग...

मग तो सोडतच नाही! पुन्हा मागायची वेळच येत नाही त्याच्यावर. स्वतः मरत नाही म्हणून हातातली वस्तूही मरू देत नाही. थांब्यापुरती म्हणून दिलेली, आणि ती सर्व्हर सुरू झाल्यापासून तीच एक, दर वेळी पुसायची, नवं नाव लिहायचं, पाठवायचं, पुसायचं. सगळ्या बस, सगळी पोरं, त्या एकाच पाटीवर. दोन पोरं दोन बसमधून एकाच क्षणी उतरली की...

तिनं आपल्या लॅपटॉपवरच दोन खोट्या पोरी दोन खोट्या थांब्यांवर एकदम उतरवल्या. काही झालं नाही. पुन्हा उतरवल्या. पुन्हा. मग एकदा पहिलीचं नाव आणि दुसरीचा थांबा असा मेसेज समोर उमटला, आणि ती एकटीच मोठ्यांदा म्हणाली, "आलास!"

तिनं सयाजी सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ते मीच लिहिलंय, प्रांजल. अगदी सुरुवातीला. तेव्हा एकच बस होती गं."

"हो सर."

"एका बसला एकच दार. एकामागून एकच पोरगं उतरायचं. चालायचं सगळं."

"चुकीचं नव्हतंच सर तेव्हा."

हे तिनं त्यांच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला खरंच तसं वाटतंय. कुणी चुकलेलं नव्हतं. एका बसच्या वेळचं ठरलेलं होतं, बस वाढल्या, आणि ठरलेलं कुणी पुन्हा उघडून बघितलं नाही, कारण ते चालत होतं. दुरुस्ती अगदी लहान होती: निरोप्यानं थांबा धरून ठेवायचा नाही, दर उतरण्याला कंटेनरकडे नवा मागायचा आणि काम झालं की सोडायचा. तिनं ती केली, खोट्या पोरी पुन्हा पुन्हा उतरवून बघितल्या, जास्तीच्या बस सोडल्या, सगळ्या पोरी आपापल्या थांब्यावर उतरल्या. शाळा सुटायला अजून अवकाश होता. नवं सर्व्हरवर चढवून ती जेवायला खाली उतरली तेव्हा जिन्यावर तिला हलकं वाटत होतं, आंघोळ झाल्यासारखं.

ताटात भाकरी आणि गवारीची भाजी होती. आत्या समोर बसून शेंगा फोडत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "विश्याचा फोन आलता सकाळी."

प्रांजलचा घास हातातच राहिला. "काय म्हणाले?"

"म्हनला, क्वाटर मिळतंय, पर तुजी सून यीना. तू एकटी पडशील म्हनती." शेंग फुटल्याचा आवाज झाला. "मी म्हनलं, मला कुनी इचारलं का?"

"तसं नाही आत्या..."

"मग कसं? मी हितं काय खाटंवर पडून हाय का? रान हाय, बचतगट हाय माजा, शेजारी भामाबाई हाय. आजपन मीटिंगला जायाचं हाय. लय झालं तर वरच्या खोलीला कुलूप लागंल." त्यांनी दाणे तोंडात टाकले, आणि पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "तुला जावं वाटत न्हाई, तर जावं वाटत न्हाई म्हन की गं. माज्यावर कशाला ढकलतीस? मी काय खानार हाय का तुला?"

प्रांजलला हसू आलं, आणि हसताना कानशिलं तापली. आत्यांनी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि विषय संपल्यासारखा उसाच्या पाण्याच्या पाळीचा विषय काढला. तिनं ती भाकरी खाल्ली. पोट भरलं होतं, तरी खाल्ली. एवढी वर्षं एक वाक्य हातात घट्ट धरलेलं, आणि ज्यांच्या नावावर धरलं त्या समोर बसून शेंगा फोडतायत...

वर येऊन तिनं राजेश्वरीला फोन लावला. सयाजी सरांनी सांगितलं नव्हतं, तिलाच वाटलं. मागं यंत्रांची घरघर होती, मग दार लोटल्याचा आवाज, मग बाई मोकळ्या जागेत आली असावी.

"मी प्रांजल, बसच्या मेसेजचं काम बघते. कालची चूक सापडली आहे, दुरुस्त केली. आमच्याकडून फार..."

"परत न्हाई ना व्हनार?"

"नाही होणार."

"काल मी एप्रन बी काढला न्हाई मॅडम. तसंच गाडीवर बसून फाट्यावर. कुनी न्हाई तितं. पानपट्टीवाल्याला इचारलं, दुसरीतली पोर बगितली का, लाल दप्तर... तो न्हाई म्हनला. तशीच घराकडं गाडी पळवली." श्वास. "आनि घरी आले तर ही भडंग खात टीव्हीफुडं बसल्याली. मी तिला मारलं, मॅडम."

प्रांजलनं फोन कानाशी घट्ट धरला.

"काय कारन न्हवतं. मारलं. ती नुसती बगत बसली माज्याकडं. ते काय दुरुस्त करताय तुमी?"

ते कसं दुरुस्त करतात. उसावर दुपारचं ऊन होतं, एक बगळा बांधावर उभा होता. "नाही करता येत," प्रांजल म्हणाली. "मला वाईट वाटतंय, ताई."

बाई जराशी सैलावल्यासारखी वाटली. की हे आपलंच वाटणं? "राती कुशीत घिऊन झोपले," ती म्हणाली. "सकाळी इसरली ती. मीच न्हाई इसरले." आणि मग, फोन ठेवता ठेवता, एकदम: "पर मला एक सांगा. फाट्यावर मग उतरली कोन? त्या पोरीच्या आईला काय मेसेज ग्येला?"

प्रांजलनं ते बघितलंच नव्हतं. सकाळपासून एकदाही... जिथून रडणं ऐकू आलं होतं तिथंच तिचं सगळं ध्यान. "बघून सांगते," ती म्हणाली, आणि बघितलं. शर्वरी, पहिली, बामणोली फाटा. थांबा खरा. कुणाला कळवायचं, तिथं मात्र रिकामं. कस्तुरीचं काम उरकून निरोप्यानं पाटी पुसली तेव्हा शर्वरीचं अजून चाललेलं होतं. तिचा मेसेज कुणालाच गेला नव्हता. आणि हे कालचंच नव्हतं. तिनं मागच्या नोंदी काढल्या. अधूनमधून, तुरळक, अशा रिकाम्या ओळी होत्या. ज्यांना काहीच आलं नाही, त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

शाळेच्या यादीत शर्वरीच्या नावापुढं जो नंबर होता तो तिनं लावला. बराच वेळ वाजला.

"हां, कोन?" म्हातारा, भरदार आवाज.

"शर्वरीच्या घरून बोलताय का?"

"तिचा आजा. आकाराम. काय झालं?" आवाज लगेच ताणला.

"काही नाही आजोबा, काही नाही. बसच्या मेसेजच्या ऑफिसातून बोलतेय. काल शर्वरी उतरली त्याचा मेसेज तुम्हाला आला नाही, म्हणून..."

"मेसेज व्हय." तो हसला. "आवं बाई, मला कुटं वाचाया येतंय! टुंग वाजतंय कवा कवा. मी फाट्याव हुबाच आसतो की रोज."

"रोज?"

"रोज. ल्योक-सून कामाला जात्यात. माजं काय काम हाय? जतच्या अंगाला आमची मेंढरं हुती. सांजच्याला रानातनं परत यायची, तवा बी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाला हुबा ऱ्हायचो. यायची ती येनारच आसायची, माज्या हुबं ऱ्हान्यानं काय लवकर येत न्हवती. पर बरं वाटतं. वाटंकडं बगत हुबं ऱ्हायला बरं वाटतं मानसाला." मग जरा संशयानं, "त्येला काय पैसं न्हाई ना पडत?"

"नाही आजोबा," ती म्हणाली. "पण आजपासून टुंग नक्की वाजेल."

"वाजू द्या," आकाराम म्हणाला.

तिनं राजेश्वरीला लिहून कळवलं: ती मुलगी आजोबांबरोबर घरी गेली, ते फाट्यावर उभेच होते. उत्तर आलं नाही. मशीनवर परत गेली असेल.

दुपार कलली. आत्या नवं लुगडं नेसून गटाच्या मीटिंगला गेल्या, जाताना फाटक लोटल्याचा आवाज आला. शाळा सुटल्या आणि स्क्रीनवर ओळी उतरू लागल्या, आधी एक, मग सावकाश, मग भराभरा, दोन-दोन, तीन-तीन एकदम. प्रत्येक ओळ आपलं नाव, आपला थांबा, आपला नंबर घेऊन आली आणि काम करून गेली. कस्तुरी उतरली. शर्वरी उतरली. प्रांजल खुर्चीत मागं रेलून नुसती बघत होती. आता तिला तिथं काही करायचं नव्हतं. सगळं आपोआप होत होतं, तिच्या बघण्यानं एकही बस लवकर पोचत नव्हती. तरी ती उठली नाही.

घरात ती एकटी होती. संध्याकाळी विश्वजितचा फोन येईल. आत्या एकट्या पडतील हे आता म्हणता येणार नव्हतं, आणि ते वाक्य होतं तिथं आत चाचपून बघितलं तर भीतीही नव्हती, अपराधीपणही नव्हतं — एक मोकळी जागा होती, सारवून वाळू दिलेल्या अंगणासारखी, जिच्यावर अजून कुणी पाय दिलेला नाही. त्याला सांगायचं ते ‘मला’ या शब्दानं सुरू होणार होतं. मला इथं बरं वाटतं... मला तिथंही बरं वाटेल कदाचित. मला तुझी वाट बघायला आवडतं, हे सांगता येईल का नवऱ्याला? त्याला ते उलटं तर लागणार नाही? की एकदा, फक्त एकदा, पठाणकोटच्या त्या अंगणात बसून बघावं, तोही ड्युटीवरून परत येताना कसा दिसतो ते... ती दोन्ही वाक्यं, इथलं आणि तिथलं, मनातल्या मनात म्हणून बघत होती, एक संपलं की दुसरं, पुन्हा पहिलं, आणि दोन्ही खरी वाटत होती, आणि दोन्ही तिचीच होती, आणि घाई कसलीच नव्हती. हायवेवरच्या गाड्यांचे दिवे लागले होते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.